सुटे भाग आणि सबंध सायकल



न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला तो १८७५ साली. त्यानंतर दहा वर्षांनी, १८८५ साली, इंग्लंडातील कॉव्हेंट्री येथे जॉन केंप स्टार्ली याने 'रोव्हर' नावाची सायकल तयार केली. तिच्यापूर्वीच्या सायकलीचे पुढचे चाक पुरुषभर उंच असे आणि मागचे अगदी लहान. स्वाराने पडावयाचे ते डोक्यावर. रोव्हरची दोन्ही चाके आवाक्यातली होती आणि मागचे चाक साखळीने फिरत होते. आज आपण जिला सायकल म्हणतो तिची ही आजी. म्हणजे आपली वसंत व्याख्यानमाला सायकलीपेक्षा दहा वर्षांनी वडील ठरते. पुढे कित्येक दशके श्रोत्यांना मंडपापर्यंत आणून सोडण्याचे काम या धाकट्या बहिणीने इमानाने केले. तेव्हा वसंतातल्या एका संध्याकाळी तिच्याविषयी दोन शब्द बोलले, तर ते अस्थानी होणार नाही.

मात्र सायकलीचा सगळा इतिहास सांगण्याचा माझा विचार नाही. एका लहानशा वादाकडे मला आपले लक्ष वेधावयाचे आहे. जुन्या सायकलींचे प्रेमी जगात सर्वत्र आहेत आणि त्यांच्यात दोन पक्ष आहेत. एक पक्ष जुन्या सायकलींचे भाग जमवतो. कुठे पन्नास वर्षे कागदात गुंडाळून राहिलेले हब, कुठे एकदाही पाय न लागलेले पायडल, कुठे मूळ पेटीतला दिवा. या भागांना तेल लावून, पुसून, तो कपाटात ठेवतो. दुसरा पक्ष म्हणतो, सायकल ही चालवण्याची वस्तू आहे. जुना हब मिळाला तर तो चाकात घाला, चाकाची आऊट काढा आणि रस्त्यावर या. पहिला पक्ष दुसऱ्याला उधळ्या म्हणतो, दुसरा पहिल्याला कृपण म्हणतो. वरवर पाहता हा हौशी लोकांचा वाद वाटेल. परंतु जुन्या वस्तूंपासून इतिहास कसा कळतो, हा मोठा प्रश्न त्याच्या पोटात आहे.

'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथातला रथाचा दृष्टांत आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. ग्रीक राजा मिलिंद भिक्षू नागसेनाकडे येतो, तेव्हा नागसेन त्याला विचारतो की आपण रथातून आलात तर रथ कोणता ते दाखवा. आस म्हणजे रथ काय? चाके म्हणजे रथ काय? जू म्हणजे रथ काय? राजाला प्रत्येक वेळी नाही म्हणावे लागते. हे सर्व भाग जुळून आले म्हणजे त्या जुळणीला रथ हे नाव मिळते, असे शेवटी राजाच कबूल करतो. नागसेनाला त्यातून माणसाविषयी काही सांगावयाचे होते. आपल्याला आज सायकलीपुरतेच बघावयाचे आहे. कपाटात हँडल, फ्रेम, चेन आणि दोन चाके ओळीने मांडून ठेवली, तर तिथे सायकल आहे की नाही?

प्रथम संग्राहकाची बाजू ऐकू. ती जितकी हलकी समजली जाते तितकी नाही.

नॉटिंगहॅमच्या रॅले कंपनीचे उदाहरण घ्या. इंग्लंडातील बहुतेक कारखाने पायडलच्या मधल्या दांड्याच्या वाट्यांना एका इंचात २४ आटे पाडत. रॅलेने आपल्या पुष्कळशा सायकलींना स्वतःचे असे २६ आटे ठेवले. फरक फक्त दोन आट्यांचा, परंतु परिणाम असा की एकाची वाटी दुसऱ्याच्या फ्रेमला बसत नाही. बळेच बसवली तर फ्रेमचे आटे जातात आणि सबंध सायकल भंगारात जाते. ज्या गृहस्थाने अशा जुन्या वाट्या मोडीत न घालता खणात जपून ठेवल्या, त्याची गंमत वाटते खरी. पण एखाद्याची साठ वर्षांची सायकल अडली म्हणजे तिला त्याच खणातून जीवदान मिळते. संग्राहक नसता तर जुनी सायकल चालवणाऱ्याची फेरी पहिल्याच बिघाडाला संपली असती.

दुसरे असे की सुटा भाग हा एक दस्तऐवज असतो. नॉटिंगहॅमच्याच स्टर्मी-आर्चर कंपनीने विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी तीन वेगांचा हब बाजारात आणला. १९३६ साली निघालेला तिचा 'ए. डब्ल्यू.' हा नमुना तर पुढे कित्येक दशके लाखो सायकलींच्या मागच्या चाकात फिरत राहिला. या हबच्या कवचावर निर्मितीचे साल, आणि पुष्कळदा महिनाही, ठोकलेला असतो. ज्याप्रमाणे नाण्यावरून राजाचा काळ ठरवावा, त्याप्रमाणे या ठशावरून सायकलीचा काळ ठरवता येतो. १९५५ साली इंग्लंडात जुन्या सायकलींच्या प्रेमिकांनी आपली एक संस्था काढली. तीच आज 'व्हेटरन-सायकल क्लब' या नावाने चालते. तिचे सभासद फ्रेमचे क्रमांक, कारखान्यांच्या जुन्या याद्या आणि अशा ठशांचा मेळ घालून सायकलींच्या वंशावळी लावतात. कारखाने बंद पडले, त्यांची दप्तरे पांगली, पण लोखंडावरचा लेख उरला. तो उरला याचे श्रेय जपणाऱ्यांनाच दिले पाहिजे.

आणि काही वस्तू अशा असतात की त्यांना हात लावणे हाच अपराध होईल. इटलीत कोमो सरोवराच्या वर घिसाल्लो नावाच्या खिंडीत मादोन्नाचे एक लहानसे देऊळ आहे. १९४९ साली पोप बारावे पायस यांनी तेथील मादोन्नाला सायकलस्वारांची रक्षणकर्ती म्हणून घोषित केले. देवळाच्या भिंतींवर नामांकित स्वारांच्या सायकली टांगलेल्या आहेत. त्यांत एक सायकल फाबिओ कासार्तेल्ली याची आहे. १९९२ साली बार्सिलोना येथे ऑलिंपिकचे सुवर्णपदक जिंकणारा हा तरुण १८ जुलै १९९५ रोजी 'तूर द फ्रान्स' शर्यतीत पिरेनीज पर्वतातल्या एका उतारावर पडून मरण पावला. त्या अपघातात मोडलेली त्याची सायकल तिथे ठेवली आहे. कोणी म्हणेल काय, की हिचे वाकलेले भाग बदलू आणि हिला रस्त्यावर काढू? तिचे मोडलेपण हाच तिचा इतिहास आहे.

त्याच जातीची दुसरी सायकल बेल्जमच्या राजधानीत आहे. एडी मर्क्स याने २५ ऑक्टोबर १९७२ रोजी मेक्सिको सिटीत एका तासात ४९.४३१ किलोमीटर अंतर तोडून विक्रम केला. त्यासाठी एर्नेस्टो कोल्नागो या कारागिराने बांधलेली सायकल पावणेसहा किलोग्रॅम वजनाची होती. वजन कमी करण्यासाठी तिच्या भागांना, अगदी चेनलासुद्धा, भोके पाडली होती. ब्रुसेल्समध्ये मर्क्सच्या नावाचे भुयारी रेल्वेचे स्थानक आहे, तिथे ती काचेआड ठेवलेली आहे. एका तासाच्या कामासाठी घडवलेली ही सायकल. तिने आपले काम केले आणि ती विश्रांतीला गेली, यात अन्याय काहीच नाही.

आता दुसऱ्या पक्षाकडे वळू. त्याचे पहिले म्हणणे असे की वस्तू नुसती ठेवल्याने टिकते हा भ्रम आहे. स्टर्मी-आर्चरच्या हबला तेल घालण्यासाठी कवचाला एक लहानसे झाकण असे. महिन्याकाठी चार थेंब तेल आणि रोजचा वापर, एवढ्यावर हा हब माणसाच्या आयुष्याइतका चालतो. तोच वीस वर्षे कपाटात ठेवा. आतले तेल डिंकासारखे घट्ट होते, खटके चिकटून बसतात, आणि बाहेरून आरशासारखा चमकणारा हब फिरवताच आत काहीच पकडत नाही. रबराला भेगा पडतात. फ्रेमच्या नळ्यांत शिरलेला दमटपणा आतून गंज धरतो. घर बंद ठेवले म्हणजे ते राहत्या घरापेक्षा लवकर पडते, हा अनुभव कोकणातल्या लोकांना वेगळा सांगावयास नको.

सीटची गोष्ट तर याहून बोलकी आहे. जॉन बोल्टबी ब्रुक्स याने १८६६ साली बर्मिंगहॅममध्ये घोड्याचे साज आणि चामड्याचे सामान बनवण्याचा धंदा सुरू केला, आणि १८८२ साली सायकलीच्या चामडी सीटचे पेटंट घेतले. लोखंडी सांगाड्यावर ताणून बसवलेले जाड चामडे, अशी ती सीट. नवी असताना ती फळीसारखी कठीण असते. शेकडो मैल बसल्यावर स्वाराच्या शरीराचा आकार ती हळूहळू घेते, आणि मग तिच्यासारखे सुख नाही. म्हणजे ही सीट कारखान्यात अर्धीच तयार होते. उरलेली अर्धी स्वार तयार करतो. संग्राहकाच्या दृष्टीने जिच्यावर कोणीच बसले नाही ती सीट सर्वांत मोलाची. कारागिराच्या दृष्टीने मात्र ती अजून पुरी झालेली नाही.

तिसरे म्हणणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. सायकलीचा प्रत्येक भाग हे कुठल्या तरी अडचणीला दिलेले उत्तर आहे. इटलीतल्या व्हिचेन्झा गावच्या तुल्लिओ कांपान्योलो याची हकीकत सायकलप्रेमी नेहमी सांगतात. त्या काळी शर्यतीच्या सायकलीच्या मागच्या चाकाला दोन्ही बाजूंना दातेरी चक्रे असत. चढ आला की उतरावयाचे, चाक काढून उलटे बसवावयाचे आणि पुढे निघावयाचे. चाक कान असलेल्या नटांनी आवळलेले असे. १९२७ च्या नोव्हेंबरात क्रोचे दाउने या बर्फाळ खिंडीत गारठलेल्या बोटांनी त्याला ते नट सुटेनात, आणि त्या दिवशीच्या पराभवातून एका दांडीच्या हिसक्याने चाक सुटण्याची युक्ती त्याला सुचली, असे सांगतात. या आख्यायिकेतला तपशील कमीजास्त असो. ती युक्ती खरी आहे आणि आजही जगभर वापरात आहे. १९३३ साली त्याने काढलेल्या कारखान्याचे जुने भाग आज संग्राहक रत्नासारखे जपतात. पण ज्याने थंडीत चाक काढलेच नाही, त्याला त्या दांडीची किंमत पैशांतच कळणार. उत्तर हाती आहे, पण प्रश्न हरवला आहे, अशी त्याची स्थिती होते.

येथे संग्राहकांच्या एका सवयीबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. जुन्या सायकलीच्या सुट्या भागांची एकूण किंमत पुष्कळदा सबंध सायकलीपेक्षा अधिक येते. त्यामुळे धडधाकट सायकल मोडून तिचे भाग वेगवेगळे विकण्याचा उद्योग जगभर चालतो. हब एका देशी, हँडल दुसऱ्या देशी, फ्रेम भिंतीला. जुन्या पोथीची चित्रे कापून चौकटीत लावावीत तसाच हा प्रकार. प्रत्येक तुकडा सुरक्षित राहतो आणि नेमकी पोथी नाहीशी होते. नागसेनाच्या प्रश्नाला इथे उत्तर मिळते. भाग सगळे जगात आहेत, सायकल मात्र राहिली नाही.

इतिहासाच्या अभ्यासकाला तर आणखी एक धोका दिसतो. जे वापरले गेले नाही तेच उत्तम टिकते, म्हणून संग्रहात तेच जास्त येते. शर्यतीची सायकल, श्रीमंताची सायकल, दुकानात पडून राहिलेला माल, या वस्तू जपल्या जातात. दूधवाल्याची किटल्या लटकवलेली सायकल, पोस्टमनची सायकल, मुंबईच्या डबेवाल्याची सायकल, गोव्यात पहाटे भोंगा वाजवीत पाव घेऊन येणाऱ्या पोदेराची सायकल, या झिजून संपतात. त्यांच्या चेन बदलल्या, रिमा बदलल्या, फ्रेमला डाग दिले, आणि एक दिवस त्या वजनावर विकल्या गेल्या. विसाव्या शतकात सायकलीने माणसाच्या जीवनात जो पालट केला तो मुख्यतः यांनी केला. परंतु संग्रहालयाच्या दालनात त्यांची जागा सर्वांत लहान. उद्याचा इतिहासकार नुसत्या कपाटांवर भिस्त ठेवील, तर सायकल ही शर्यतीची आणि चैनीची वस्तू होती असा उफराटा निष्कर्ष तो काढील.

स्वाराची बाजू मात्र निर्दोष आहे, असेही नाही. जुनी धातू थकते. ॲल्युमिनियमच्या जुन्या हँडलला आणि क्रँकला केसाएवढी चीर असते; ती डोळ्यांना दिसत नाही आणि उतारावर दगा देते. शिवाय जुन्या सायकलीला चकचकीत नवा रंग देण्याचा मोह स्वाराला अनावर होतो. एकदा मूळ रंग खरवडला की कारखान्याच्या कारागिराने ओढलेली सोनेरी रेघ गेली ती गेली. तेव्हा वापर म्हणजे विध्वंस होऊ शकतो, ही संग्राहकाची तक्रार काही अंशी मान्य केली पाहिजे.

मग तोड काय? ती मला एका खेड्यात दिसते. इटलीच्या तोस्काना प्रांतात गायोले नावाचे गाव आहे. तिथल्या टेकड्यांतून पांढऱ्या खडीचे कच्चे रस्ते जातात. हे रस्ते एकामागून एक डांबराखाली नाहीसे होण्याची भीती होती. १९९७ साली जांकार्लो ब्रोच्ची याच्या पुढाकाराने तिथे 'लेरोइका', म्हणजे 'वीरांची फेरी', सुरू झाली. पहिल्या वर्षी ९२ स्वार होते. पुढे ती संख्या हजारांवर गेली. नियम असा की सायकल १९८७ पूर्वीच्या घडणीची हवी. गिअर बदलण्याच्या दांड्या फ्रेमच्या खालच्या नळीवर हव्यात आणि पायडलला पाय पट्ट्याने बांधलेला हवा. हेतू नुसत्या जुन्या सायकली मिरवण्याचा नव्हता. त्या ज्या रस्त्यांवर धावल्या ते रस्ते वाचवण्याचा होता. झालेही तसेच. त्या मार्गावर आता कायमच्या पाट्या लागल्या आहेत, आणि २००७ पासून त्याच पांढऱ्या रस्त्यांवर व्यावसायिकांची मोठी शर्यत भरते. कपाटातल्या हबला लोखंड वाचवता आले असते, पण रस्ता वाचवणे त्याच्या हाती नव्हते. ते काम फिरणाऱ्या चाकाने केले, आणि ते चाक फिरू शकले ते कोणीतरी जुने भाग जपून ठेवले होते म्हणून.

या प्रकाशात आपल्याकडे पाहू. आपल्या देशात सायकल प्रथम परदेशातून आली. ती दुर्मिळ होती तेव्हाचे मुंबईच्या तरुणांचे साहस पाहा. १९२३ च्या ऑक्टोबरात काही पारशी तरुण सायकलींवर जगप्रवासाला निघाले. त्यांतील आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे सुमारे ७१,००० किलोमीटर तोडून १९२८ च्या मार्चमध्ये परतले. पुढे स्वातंत्र्यानंतर कारखाने निघाले. मद्रासेत १९४९ साली टी. आय. सायकल्स, सोनीपतला १९५१ साली अॅटलास, लुधियान्यात १९५६ साली हीरो. यांतील हीरोच्या मुंजाळ बंधूंनी आरंभ केला तो सायकलीच्या सुट्या भागांच्या व्यापाराने, हे आजच्या विषयाच्या दृष्टीने ध्यानात घेण्यासारखे आहे. पुणे तर सायकलींचे शहर म्हणूनच ओळखले जाई. नगरपालिकेचा बिल्ला, दिवा नसला तर पोलिसाने चाकातली हवा सोडणे, डबलसीटची चोरटी मजा, तासाच्या भाड्याची दुकाने, हे ज्यांनी पाहिले त्यांना अधिक सांगण्याचे कारण नाही. पुढे रस्ते मोटारींचे आणि स्कूटरींचे झाले. ३ जून २०२० रोजी, नेमक्या जागतिक सायकल दिनी, अॅटलासच्या साहिबाबाद येथील कारखान्यातले काम थांबले. पुण्यात कर्वेनगरमध्ये सायकलींचे एक खासगी संग्रहालय उभे राहिले आहे, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु सायकली संग्रहालयात आल्या त्याच काळात त्या रस्त्यावरून गेल्या, हेही विसरून चालणार नाही.

रस्त्याबरोबर आणखी एक गोष्ट जाते, ती म्हणजे हातातली कला. जुन्या सायकलीचा क्रँक कॉटर पिनने आवळलेला असे. नवी पिन तशीच ठोकून बसत नाही. तिची सपाट बाजू कानशीने थोडी थोडी घासावी लागते, दोन्ही पिना एकमेकींच्या उलट बाजूने घालाव्या लागतात, नाहीतर पायडले एका रेषेत येत नाहीत. किती घासावयाचे हे पुस्तकात लिहिता येत नाही. ते कोपऱ्यावरच्या दुकानातल्या वृद्ध कारागिराच्या बोटांना ठाऊक असते. कॉटर पिन खणात शंभर वर्षे राहील. ती बसवण्याची कला मात्र खणात ठेवता येत नाही. ती कोणीतरी सायकल घेऊन दुकानात गेले तरच टिकते, आणि ज्या दिवशी शेवटचे गिऱ्हाईक जाईल त्या दिवशी ती जाईल.

म्हणून माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. जी सायकल एकुलती एक आहे, किंवा जिच्या अंगावर एखाद्या प्रसंगाची खूण आहे, तिला कोणी हात लावू नये; ती साक्षीदार आहे. जी जुनी सायकल मूळ रंगासह आणि मूळ भागांसह सबंध उरली आहे, ती सबंधच राहू द्यावी. भागांच्या लोभाने मोडू नये, रंग खरवडू नये, आणि जपून, पाहून, अधूनमधून चालवावी. आणि कारखान्यांनी लाखांनी काढलेल्या ज्या साध्या काळ्या सायकली आपल्या घरांच्या जिन्यांखाली उभ्या आहेत, त्यांच्या बाबतीत तर संकोचाचे कारणच नाही. टायर, ट्यूब, ब्रेकची रबरे, चेन हे झिजण्यासाठीच असते. ते नवे घाला. काढलेला जुना भाग फेकू मात्र नका. त्याला चिठ्ठी बांधा, कोणत्या सायकलीचा आणि कोणत्या साली काढला ते लिहा, आणि एका डब्यात ठेवा. तो डबा हाच आपला संग्रह, आणि ती सायकल हाच त्याचा उपयोग.

श्रोतेहो, आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी वडिलांची किंवा आजोबांची सायकल असेल. तिचे काय करावे हा प्रश्न दर दिवाळीच्या आवरासावरीत निघतो. भंगारवाल्याला द्यावी तर मन होत नाही, आणि ठेवावी तर जागा अडते. माझी सूचना अशी की उद्या सकाळी ती जिन्याखालून बाहेर काढा, कोपऱ्यावरच्या दुकानात न्या, ऑइलिंग-ओव्हरहॉलिंग करून घ्या, आणि कारागीर काम करीत असता तिथेच बाकावर बसून पाहा. या व्याख्यानात मी जे सांगितले त्याहून अधिक इतिहास त्या अर्ध्या तासात आपल्या दृष्टीस पडेल. आणि पुढच्या वसंतात व्याख्यानाला येताना तिच्यावरून या.